ओझें, जागा आणि शेजार : जहाजाच्या पोटापासून पोलादी पेटीपर्यंत



बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आपल्यापैकीं बहुतेकांवर केव्हां ना केव्हां आलेलाच असतो. पाटा-वरवंटा तळाशीं आणि कांचेच्या बरण्या वर, हें त्या वेळीं घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं. राकेलचा डबा पिठाच्या डब्याशेजारीं ठेवूं नये, आणि नव्या घरीं जें प्रथम लागणार तें गाडींत शेवटीं चढवावें, हेंहि सर्वांस ठाऊक असतें. ह्या घरगुती शहाणपणावर जगाचा मोठा व्यापार चालला आहे असें म्हटलें, तर कित्येकांस ती अतिशयोक्ति वाटेल. परंतु समुद्रमार्गें जाणारा तयार माल आज ज्या पोलादी पेट्यांतून जातो, त्या पेट्या कशा भराव्या, हा प्रश्न मुळांत ह्याच जातीचा आहे. त्याचा इतिहास तीन हजार वर्षांहून अधिक जुना आहे. आणि त्यांत आपल्या मुंबईच्या वांट्यास एक फार दुःखद प्रकरण आलेलें आहे.

मालभरणीचे प्रश्न तीन. पहिला जागेचा : दिलेल्या पोकळींत किती मावेल? दुसरा वजनाचा : ओझें किती, आणि तें कोठें बसेल? तिसरा शेजाराचा : कोणत्या मालाजवळ कोणता माल ठेवला असतां दोघांचेंहि बरें राहील? पहिला प्रश्न डोळ्यांस दिसतो, म्हणून मनुष्य त्याच्याच मागें लागतो. उरलेले दोन दृष्टीआड राहतात. आणि मालभरणीच्या इतिहासांतले मोठे अनर्थ पाहिले, तर त्यांच्या मुळाशीं बहुधा ह्या दोहोंचें विस्मरण आढळतें.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरुन नांवाचें एक भूशिर आहे. १९८२ सालीं तेथील समुद्रांत स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्यास तळाशीं धातूच्या चमत्कारिक आकाराच्या लाद्या दिसल्या. पुढें १९८४ पासून १९९४ पर्यंत संशोधकांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकांतील एक बुडालेलें व्यापारी जहाज उजेडांत आलें. त्याच्या पोटांत सुमारें दहा टन तांबें आणि एक टन कथील होतें. तांब्याच्या साडेतीनशेंहून अधिक लाद्या आडव्या ओळींनीं, घराच्या कौलांप्रमाणें एकीवर दुसरी थोडी चढवून, रचलेल्या होत्या, म्हणजे जहाज डोललें तरी त्या सरकूं नयेत. आणि लांकडी तळास इजा होऊं नये म्हणून खालीं झुडपांच्या फांद्यांचा थर अंथरलेला होता. त्याच जहाजांत मोठाले रांजण होते, आणि एका रांजणांत सायप्रस बेटाचीं नवीं कोरीं मातीचीं भांडीं एकांत एक बसवून भरलेलीं सांपडलीं. मोठ्या भांड्यांत लहान माल बंद करून तें भांडेंच जहाजावर चढविण्याची युक्ति आजच्या पोलादी पेटीची आहे. तिची पणजी ह्या रांजणांत पाहावी.

जहाजाचा आकार 'टना'त सांगण्याची चाल आपण ऐकतों. हा टन मूळचा वजनाचा नव्हे. तो एका पिपाचा आहे. मध्ययुगांत फ्रान्सच्या बोर्दो प्रांतांतून इंग्लंडांत द्राक्षांची दारू जात असे. ती ज्या मोठ्या पिपांतून जाई त्यांस 'टन' म्हणत, आणि त्यांत २५२ गॅलन दारू मावे. अमुक जहाज शंभर टनांचें, म्हणजे त्याच्या पोटांत अशीं शंभर पिपें बसतात, एवढाच मूळ अर्थ. माल भरण्याचें मापच पुढें जहाजाचें माप झालें. ह्या पिपांच्या रचनेचाहि एक नियम होता : बूच वर आणि पोट मोकळें. पिपाचा फुगीर मधला भाग कशावरहि टेकूं द्यावयाचा नाहीं. दोन्ही टोकांकडे लांकडी ठोकळे देऊन त्यास आधार द्यावयाचा. पोट टेकलें तर वरच्या थरांचें ओझें नेमकें त्याच दुबळ्या जागीं येतें, फळ्या सुटतात आणि दारू तळाशीं वाहून जाते.

अठराव्या शतकांत चीनचा चहा युरोपास मोठ्या प्रमाणावर जाऊं लागला, तेव्हां तिन्ही प्रश्नांचें एकदम उत्तर देणारी एक सुंदर तोड निघाली. चहा हलका, आणि ओलाव्यानें व परक्या वासानें बिघडणारा. अशा मालानेंच जहाज भरलें तर त्यास तोल राहत नाहीं. म्हणून तळाशीं जड वस्तु हवी. असें जें तोलासाठीं घातलेलें ओझें, त्यास आपल्याकडील जुन्या दर्यावर्दी भाषेंत नीरम म्हणतात. आतां नीरम म्हणून दगड न्यावे तर त्यांचें मोल कांहींच येत नाहीं. तेव्हां व्यापाऱ्यांनीं चिनी मातीचीं भांडीं पेट्यांत भरून तळाशीं घातलीं. तीं जड, पाण्यानें न बिघडणारीं, बिनवासाचीं, आणि विकलीं जाणारीं! वर कोरडा चहा सुखानें बसला. डच ईस्ट इंडिया कंपनीचें 'गेल्डरमाल्सेन' जहाज १७५२ च्या जानेवारींत चीनच्या दक्षिणेकडील समुद्रांत बुडालें. १९८५ मध्यें तें सांपडलें, तेव्हां चहाचा चोथा झालेला होता. पण त्या चोथ्याखालीं सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ पडलेलीं सुमारें दीड लाख चिनी भांडीं वर काढतां आलीं, आणि त्यांतील पुष्कळशीं अभंग होतीं. ज्यांनीं तीं भरलीं त्यांच्या कौशल्यास याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

ओझें तळाशीं असावें, पण अतिरेक तेथेंहि वाईट. जड माल वर चढला तर जहाज हळूहळू झुकतें आणि झुकल्यावर सांवरण्यास उशीर लावतें. मोठी लाट आली तर उलथतें. उलट सारें वजन अगदीं तळाशीं घातलें, तर जहाज ताठ होतें. तें लाटेबरोबर इतक्या झटक्यानें उसळी घेतें कीं दोर तुटतात आणि माल मोकळा होतो. ह्या दोन टोकांमधली जागा शोधणें हें जहाजावरील अधिकाऱ्याचें काम. त्यांत आणखी एक अट : ज्या बंदरीं आधीं पोंचावयाचें तेथील माल वर हवा. एरवीं एका गासडीसाठीं सारें पोट उपसावें लागतें. म्हणजे मालभरणीची योजना उलट्या क्रमानें करावी लागते. प्रवासाचा शेवट प्रथम मनांत आणावयाचा आणि मग पहिला नग उचलावयाचा.

आतां आपल्या मुंबईकडे येऊं. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्यें, तिकडील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचें नशीब उघडलें. कापूस हा मोठा जागाखाऊ माल. जहाजाचें भाडें ठरवितांना वजनाचा टन धरावा, किंवा ४० घनफूट जागा म्हणजे एक टन असें धरावें, अशी व्यापाऱ्यांची रीत होती. आणि हलक्या मालास अर्थातच जागेचें माप लागे. म्हणून कापूस दाबून त्याच्या गासड्या बांधणारे कारखाने उभे राहिले. मुंबईची पुरी दाबलेली गासडी ३९२ पौंडांची असे. जितकी ती घट्ट, तितकें भाडें कमी. बंदराचा कारभार पाहण्यासाठीं १८७३ मध्यें पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० मध्यें प्रिन्सेस गोदी, त्यानंतर व्हिक्टोरिया गोदी, आणि १९१४ मध्यें अलेक्झांड्रा गोदी चालू झाली. ह्या गोद्यांत मजुरांच्या टोळ्या जहाजाच्या पोटांत उतरून एकेक नग हातानें लावीत. कोणती गासडी कोठें आडवी, कोठें उभी, कोणत्या फटींत लांकडाची पाचर ठोकावयाची, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. तें मुकादमाच्या डोळ्यांत आणि मजुराच्या खांद्यांत होतें. महत्त्वाची गोष्ट ही कीं, माल लावणारा आणि माल पाहणारा एकाच जागीं उभे असत. वरून जहाजाचा अधिकारी पाही, आणि चुकलें तर तेथल्या तेथें दुरुस्त करवी.

तथापि पाहणारे डोळे असूनहि शेजाराचा नियम मोडला म्हणजे काय होतें, हें मुंबईनें १९४४ सालीं पाहिलें. 'फोर्ट स्टिकिन' हें जहाज त्या वर्षीं २४ फेब्रुवारीस इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून निघालें. त्यांत सुमारें १,४०० टन दारूगोळा होता. शिवाय लढाऊ विमानें आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीस कांहीं माल उतरला, आणि रिकामी झालेली जागा कापसाच्या गासड्या, लांकूड, गंधक, तेलाचीं पिपें अशा नाना जिनसांनीं भरण्यांत आली. युद्धाचे दिवस होते. जहाजांची टंचाई होती. जागा रिकामी नेणें म्हणजे पाप असें वाटण्याचा तो काळ. पहिल्या प्रश्नाचें उत्तर उत्तम मिळालें, जहाज भरलें. पण तिसरा प्रश्न कोणी विचारावा? एकाच कोठारांत खालीं कापूस आणि त्यावरच्या मजल्यावर स्फोटक द्रव्यें, अशी ती मांडणी झाली.

ता. १२ एप्रिल रोजीं जहाज मुंबईस येऊन व्हिक्टोरिया गोदींत लागलें. ता. १४ ला दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारांतून धूर निघतांना दिसला. कापसाच्या गासडीस लागलेली आग आंतल्या आंत धुमसते. वरून पाणी ओतलें तरी गाभ्यापर्यंत पोंचत नाहीं. आणि ओतलेल्या पाण्यावर जळतें सामान तरंगून वरच्या मजल्याकडे सरकतें. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा. आसपासचीं जहाजें नष्ट झालीं, गोदामें आणि वस्त्या जळाल्या, शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यांत होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. आग कशानें लागली ह्याविषयीं पुष्कळ तर्क झाले. पण लागलेल्या आगीचें महासंकट कशानें झालें ह्याविषयीं तर्काचें कारण नाहीं. तें मांडणीनें झालें. कापूस एकटा जळता तर कापसाचीच राख होती.

युद्ध संपलें, व्यापार वाढला, आणि जुन्या रीतीचा खर्च डोळ्यांवर येऊं लागला. १९५४ सालीं 'वॉरियर' नांवाचें मालवाहू जहाज न्यूयॉर्कच्या ब्रूकलिन भागांतून जर्मनींतील ब्रेमरहाफेन बंदरास गेलें. अमेरिकेंत त्या एका खेपेचा बारकाईनें अभ्यास झाला. माल ५,०१५ टन. आणि नग किती? १,९४,५८२! खोकीं, पुठ्ठ्याच्या पेट्या, पोतीं, मोटारगाड्या, पिपें, टपालाच्या थैल्या. हे नग १५१ निरनिराळ्या गांवांहून आलेले होते. जहाज भरण्यास सहा दिवस लागले, त्यांत एक दिवस संपाचा. समुद्र ओलांडण्यास साडेदहा दिवस. आणि उतरविण्यास चार दिवस. माल हलूं नये म्हणून नुसतें लांकूड आणि दोर ह्यांवर ५,०३१ डॉलर खर्च झाले. एकंदर खर्चांत प्रत्यक्ष समुद्रप्रवासाचा वांटा शेंकडा साडेअकराच निघाला. समुद्र स्वस्त होता; महाग होता तो धक्का.

ह्याच सुमारास माल्कम मॅक्लीन नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ, जो मालमोटारींचा धंदा करून वर आलेला होता, तो ह्या प्रश्नाकडे बाहेरून पाहत होता. मालाची पेटी ही कल्पना नवी नव्हती; इंग्लंडांतील रेल्वे कंपन्या त्यापूर्वींच तशा पेट्या वापरीत. मॅक्लीनचें वैशिष्ट्य हें कीं, मोटार, धक्का, यारी आणि जहाज हीं सारीं एका पेटीच्या मापास जुळवून घ्यावीं, असें त्यानें मनांत घेतलें. ता. २६ एप्रिल १९५६ रोजीं 'आयडियल-एक्स' हें जुनें तेलवाहू जहाज ३५ फूट लांबीच्या ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालें. सुटा माल चढविण्यास त्या काळीं टनामागें ५ डॉलर ८३ सेंट पडत. पेटींतला माल चढविण्यास १६ सेंटांहूनहि कमी पडले, असा मॅक्लीनच्या माणसांचा हिशेब होता. पुढें कीथ टँटलिंगर ह्या इंजिनियरनें पेटीच्या कोपऱ्यांचीं पोलादी बेचकीं आणि तीं एकमेकांस जखडणारीं कुलुपें सिद्ध केलीं. आणि १९६८ पासून आंतरराष्ट्रीय मापें ठरलीं. वीस फुटी आणि चाळीस फुटी पेटी, जिला आपण सारे आतां कंटेनर म्हणतों, ती अशी जन्मास आली. भारतांत कंटेनर प्रथम १९७३ मध्यें कोचीन बंदरीं उतरले. आणि १९८९ मध्यें उरणजवळ न्हावा-शेवा येथें जें नवें बंदर चालू झालें, त्यानें मुंबईच्या जुन्या गोद्यांचें बरेंच काम आपल्याकडे ओढून घेतलें.

येथें थोडें गणित करूं. श्रोत्यांनीं कंटाळा करूं नये, कारण गणित शाळकरीच आहे. वीस फुटी पेटी आंतून सुमारें ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असते. म्हणजे तळाचें क्षेत्रफळ सुमारें १३.८७ चौरस मीटर. युरोपांत माल ज्या लांकडी चौकटींवर रचतात, ज्यांस पॅलेट म्हणतात, त्या १.२ मीटर लांब आणि ०.८ मीटर रुंद असतात, क्षेत्रफळ ०.९६. भागाकार केला तर उत्तर चौदाहून थोडें अधिक येतें. कोणताहि हुशार विद्यार्थी सांगेल, चौदा चौकटी बसतील. प्रत्यक्षांत अकराच बसतात! कारण लांब बाजू आडवी ठेवून दोन चौकटी शेजारीं शेजारीं लावाव्या तर २.४ मीटर रुंदी हवी, आणि पेटी आहे २.३५ मीटर. पांच सेंटीमीटरांनीं घात केला. मग एका ओळींत सात आडव्या आणि दुसऱ्या ओळींत चार उभ्या, असें अकरावर समाधान मानावें लागतें. पेटीची रुंदी अमेरिकेंतील रस्त्यांच्या नियमांनीं ठरली आणि चौकटीची युरोपांतील गोदामांनीं. दोघांची गांठ पडली तेव्हां तीन चौकटींची जागा हवेंत गेली. भागाकार जागा मोजतो, आकार मोजीत नाहीं.

आतां समजा, दहा निरनिराळ्या आकारांचीं खोकीं आहेत. तीं कोणत्या क्रमानें भरावीं ह्याचे पर्याय ३६,२८,८०० होतात. प्रत्येक खोकें सहा तऱ्हांनीं ठेवतां येतें, म्हणून त्या संख्येस आणखी ६,०४,६६,१७६ नीं गुणावें लागतें. आपल्या भास्कराचार्यांनीं लीलावतींत संख्यांचीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत ह्या गुणाकारास जलधि ही पायरी लागते; तो दोन जलधींहून अधिक भरतो. जलधि म्हणजे समुद्र. दहा खोक्यांतच समुद्र उभा राहिला, तर शेंकडों खोक्यांची कथा काय? सारे पर्याय तपासणें यंत्रासहि शक्य नाहीं. म्हणून गणिती लोकांनीं चांगल्यापैकीं उत्तर लवकर देणाऱ्या रीती शोधल्या. १९८० मध्यें जॉर्ज आणि रॉबिन्सन ह्या दोघांनीं पेटीच्या आंतल्या टोकापासून दाराकडे, भिंतीमागून भिंत रचावी तशी, खोकीं लावीत येण्याची एक रीत प्रसिद्ध केली. पण विचार करून पाहिला, तर गोदींतला मुकादम तरी दुसरें काय करीत होता? त्याच्याच शहाणपणास आंकड्यांचा पोशाख चढला.

परंतु जागेचें उत्तर मिळालें म्हणजे काम संपलें, असें नव्हे. वीस फुटी पेटींत सुमारें ३३ घनमीटर पोकळी आणि सुमारें २८ टन ओझें पेलण्याची शक्ति असते. तींत लोखंडाच्या सलग लाद्या घातल्या, तर साडेतीन घनमीटरांतच २८ टन पुरे होतात. म्हणजे साऱ्या तळावर वीतभर उंचीचा थर, आणि वर सारें रिकामें. हा रिकामेपणा पाहून जो हळहळेल त्यानें हें काम करूं नये. शिवाय तें ओझें मध्यावर यावें लागतें. एका टोकास साठलें तर यारीनें उचलतांना पेटी कलते आणि वळणावर मोटार उलटते. भर समुद्रांत जहाज डोलतें, तेव्हां वजनाच्या आठ-दशांशाइतका जोर बाजूस येऊं शकतो, असें धरून बांधणी करावी, हा आजचा दंडक आहे.

कांहीं मालांस तर रिकामी जागा हीच संरक्षण. नाशिककडील द्राक्षें थंड पेट्यांतून न्हावा-शेव्यावरून युरोपास जातात. त्या पेटीच्या तळास पन्हळी असतात. त्यांतून थंड हवा खालून वर खेळते, आणि आंतील भिंतीवर एक तांबडी रेघ असते, तिच्यावर माल चढवावयाचा नाहीं. अधिक चार खोकीं मावतात म्हणून रेघेवर रचलीं, तर हवेची वाट अडते आणि मधलीं द्राक्षें नासतात. आणखी असें कीं, ती पेटी थंडपणा राखते, निर्माण करण्यास ती बांधलेली नाहीं. म्हणून द्राक्षें आधींच थंड करून भरावीं लागतात. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचें मोल त्या तांबड्या रेघेवर अवलंबून असतें.

आतां ह्या साऱ्या इतिहासांतील मर्माच्या गोष्टीकडे येतों. कंटेनरनें धक्क्यावरचा खर्च वांचविला, चोऱ्या कमी केल्या, जग जवळ आणलें; हें सर्व खरें. पण त्यानें आणखी एक गोष्ट केली. माल लावणारा आणि माल पाहणारा ह्यांची ताटातूट केली. पूर्वीं जहाजाचा अधिकारी आपल्या डोळ्यांनीं पोटांतला माल पाही. आतां पेटी समुद्रापासून शेंकडों मैल दूर, एखाद्या कारखान्याच्या अंगणांत भरली जाते; दार लागतें, मोहोर बसते, आणि पुढें बंदरापर्यंत, जहाजापर्यंत, परदेशापर्यंत बहुधा कोणी आंत डोकावून पाहत नाहीं. जहाजावरील अधिकाऱ्यास दिसतो तो एक कागद. ज्यानें ती पेटी भरली, त्यानें कदाचित् समुद्र कधीं पाहिलेलाहि नसतो.

कागद खोटा असला म्हणजे काय होतें, ह्याचा एक हिशेब उपलब्ध आहे. २००७ च्या जानेवारींत 'एमएससी नापोली' हें मोठें कंटेनर जहाज इंग्लंडच्या खाडींत वादळांत सांपडून खचलें. खचण्याचीं कारणें अनेक होतीं. पण पुढें त्याच्या वरच्या मजल्यावरील सुमारें ६६० कोरड्या राहिलेल्या पेट्यांचें वजन करण्यांत आलें, तेव्हां १३७ पेट्यांचें वजन कागदावरील आंकड्याहून तीन टनांपेक्षां अधिक फरकाचें निघालें. एका पेटींत तर वीस टनांची तफावत होती. अशा अनुभवांनंतर १ जुलै २०१६ पासून असा आंतरराष्ट्रीय नियम झाला कीं, भरलेल्या पेटीचें वजन प्रत्यक्ष ठरवून दाखल केल्यावांचून ती जहाजावर चढवूं नये. वजनाच्या प्रश्नास निदान कायद्यानें तरी पहारेकरी मिळाला.

शेजाराचा प्रश्न मात्र अद्याप उघडाच आहे. २०२१ च्या मे महिन्यांत 'एक्स-प्रेस पर्ल' ह्या जहाजावरील एका पेटींतून नायट्रिक आम्ल गळत असल्याचें आढळलें. कतारच्या हमद बंदरांत आणि आपल्या गुजरातेंतील हजिरा बंदरांत ती पेटी उतरवून घ्यावी अशी विनंति झाली; दोन्हीकडे ती मान्य झाली नाहीं. जहाज कोलंबोजवळ पोंचलें, ता. २० मे रोजीं त्यावर आग दिसली, आणि जूनच्या आरंभीं तें बुडालें. त्यावर १,४८६ पेट्या होत्या. आम्लाच्या शेजारीं प्लास्टिकच्या दाण्यांच्याहि पेट्या होत्या. ते दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूसारखे पसरले, आणि कोळ्यांचीं जाळीं किनाऱ्यावर पडून राहिलीं. मुंबईच्या स्फोटानंतर ७७ वर्षांनीं, पोलादाच्या भिंती मध्यें असतांनाहि, तोच धडा पुन्हां गिरवावा लागला. भिंत शेजार झांकते, पण तोडीत नाहीं.

ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, मी जुन्या काळाचे गोडवे गातों आहें. गोदींतील मजुराचें जिणें कष्टाचें होतें, पाठी मोडत, बोटें चिरडत. तें संपलें ह्याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. पण त्याचें ज्ञान मात्र त्याच्याबरोबर संपूं देतां कामा नये. तें बंदरावरून उठून गांवोगांवच्या गोदामांत गेलें पाहिजे. कारण काम तेथें गेलें आहे. २०१४ मध्यें जागतिक संस्थांनीं पेट्या कशा भराव्या, कशा बांधाव्या, ह्याची एक तपशीलवार संहिता तयार केली. ती उत्तम आहे. पण ती ज्याच्यासाठीं आहे तो मनुष्य हातांत दोरी आणि पाचर घेऊन एखाद्या गोदामांत उभा असतो, आणि त्याच्या भाषेंत ती त्याला कोणी सांगितल्यावांचून तिचा उपयोग नाहीं. आपल्या जिल्ह्यांतून, आपल्या मराठी बोलणाऱ्या मजुरांच्या हातून रोज पेट्या भरल्या जातात. पेटी कोठें जाणार, वाटेंत समुद्र तिला कसा हलविणार, आणि तिच्याशेजारीं कोण असूं शकेल, एवढें तरी दार लावण्यापूर्वीं त्यांस कळावें. पुढें तें दार उघडतें तें दुसऱ्याच देशांत. आणि मधल्या साऱ्या वाटेवर खलाशांचे प्राण त्या अनोळखी हातांच्या हवालीं असतात.